टायरला फुगा आला, कंपनीने हात वर केले : पहिल्यांदाच क्लेम करणाऱ्यांसाठी

माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या टायरला फुगा आला तेव्हा टायर जेमतेम नऊ महिन्यांचा होता. मला तो दिसलाही नव्हता. गाडी धुणाऱ्या मुलाने दाखवला. "काका, टायरला टेंगूळ आलंय." सुपारीएवढं, बाजूच्या भिंतीवर. मी तडक दुकानात गेलो, आवाज चढवला. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, टायरवर खडूने 'इम्पॅक्ट', म्हणजे धक्क्याने गेला, असं लिहून गेला. मी तणतणत घरी आलो आणि टायर दुकानातच राहू दिला. पंधरा दिवसांनी डोकं शांत झाल्यावर परत गेलो, तर टायर भंगारवाल्याकडे गेलेला. मग भांडायचं कशावर?

दोन वर्षांनी साडूच्या गाडीचं असंच प्रकरण झालं. ते आम्ही नीट कागद करून लढलो. या दोन्हींतून जे कळलं ते इथे लिहितोय. गाडी पहिल्यांदाच घेतली असेल, किंवा टायर बदलायची पहिलीच वेळ असेल, तर उपयोगी पडेल. या सगळ्या वादाचं मर्म एवढंच की भांडण ज्यावरून असतं ते टायरच्या आत असतं, आणि आपण बाहेरून आरडाओरडा करत बसतो.

टायर घेतानाच

सुरुवात बिलापासून. "बिल नको असेल तर तीनशे कमी करतो" असं दुकानदार हमखास म्हणतो. ते तीनशे रुपये विसरा. पक्कं जीएसटी बिल नसेल तर पुढचं काहीच वाचू नका, कारण तुम्ही तो टायर विकत घेतला हेच सिद्ध होणार नाही. बिलावर नुसतं 'टायर ४ नग' नको. कंपनी, मॉडेल, साइज आणि प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या. दुकानदार कुरकुरतो, पण लिहितो.

हा अनुक्रमांक टायरच्या बाजूवर कोरलेला असतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. '२३२४' असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. गंमत अशी की पुष्कळ टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, आणि टायर बसवल्यावर नेमकी तीच बाजू आत जाते. म्हणून टायर रिमवर चढवण्याआधी फोटो काढा. वर्षभर गोदामात पडून राहिलेला टायर तुमच्या गळ्यात मारलाय का, तेही तिथल्या तिथे कळतं. काही कंपन्यांची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, काहींची बनल्याच्या तारखेपासून. तुमच्या वॉरंटी कार्डावर काय लिहिलंय ते दुकानातच वाचा.

त्याच बाजूवर आयएसआयचं चिन्ह शोधा. कारच्या टायरला ते कायद्याने सक्तीचं आहे. सोबत 'आयएस १५६३३' आणि परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. दोन मिनिटांचं काम.

साइजही वाचायला शिका. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. हे पाठ करायची गरज नाही. पण गाडी रुबाबदार दिसावी म्हणून कोणी रुंद टायर किंवा मोठी रिम सुचवली, तर गाडीच्या पुस्तिकेतली साइज आणि भाराचा आकडा ताडून पाहा. 'कंपनीने सांगितलेली साइज नव्हती' हे क्लेम नाकारण्याचं अगदी तयार कारण असतं.

आणखी एक गोष्ट लोक सर्रास सोडून देतात. काही कंपन्या वर्षभरासाठी कट, फुगा, अपघाती नुकसान यांचीही हमी देतात, पण अट अशी की ठरावीक दिवसांत वेबसाइटवर किंवा ॲपवर टायरची नोंदणी करायची. ती दुकानातच करून घ्या. मी केली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

नवी कोरी गाडी घेतली असेल तर पुस्तिकेतलं वॉरंटीचं पान उघडा. टायर आणि बॅटरी बहुतेक वेळा गाडीच्या वॉरंटीतून वगळलेल्या असतात, त्यांची हमी त्या त्या कंपनीची. शोरूममध्ये 'तीन वर्षांची वॉरंटी' ऐकून आपण निर्धास्त असतो, आणि टायर गेला की शोरूमवाला शांतपणे टायरच्या दुकानाचा पत्ता देतो.

अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ करणं), बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), टायर फिरवणं (पुढचे मागे, मागचे पुढे), या सगळ्यांच्या पावत्या जपा. ५,००० किलोमीटरला एकदा हे करायचं असतंच. पावती घ्यायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण पुढे 'गाडीची निगा नव्हती' या आरोपाला तुमच्याकडे तेवढंच उत्तर असतं.

दोष कुणाचा, आधी स्वतःशी खरं बोला

प्रत्येक क्लेम लढण्यासारखा नसतो. हे कंपनीची बाजू घेऊन म्हणत नाही.

फुगा म्हणजे काय? टायरच्या बाजूच्या रबराखाली धाग्यांचं कापड असतं. त्यातले काही धागे तुटले की आतली हवा तिथलं रबर बाहेर ढकलते. धागे तुटतात ते बहुतेक वेळा खड्ड्याच्या कडेवर किंवा दुभाजकाच्या दगडावर टायर दाबला जाऊन. टायर आणि रिम यांच्यामध्ये ती बाजू चिमटली जाते. बाहेर ओरखडाही दिसत नाही, आणि टेंगूळ काही आठवड्यांनी वर येतं. पावसाळ्यानंतर टायरच्या दुकानांत फुगेवाल्यांची रांग लागते ती उगाच नाही. माझा फुगाही बहुधा असाच आला असणार. क्वचित धाग्यांच्या जोडात कारखान्यातलीच उणीव असते, पण ती दाखवून द्यावी लागते.

फुग्याच्या उलट, बाजूवर आत दबलेली उभी रेघ किंवा खळगी दिसते ती चिंतेची नसते. धाग्यांच्या कापडाची दोन टोकं जिथे एकावर एक येतात तिथे ती दिसते. त्यासाठी दुकानात जाऊन भांडू नका.

नक्षी, म्हणजे टायरचा खाचा असलेला बाहेरचा थर, सुटून येणं हे प्रकरण वेगळं. जमिनीला लागणाऱ्या भागाखाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. ते एकमेकांपासून सुटले की नक्षीवर उंचवटा येतो, गाडी ठरावीक वेगाला थडथडते, आणि वेळीच टायर काढला नाही तर सालीसारखा सोलून निघतो. नक्षी भरपूर शिल्लक असताना, पंक्चर नसताना असं झालं, तर कारखान्यातल्या दोषाची शक्यता खरोखर मोठी. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले ते नक्षी सुटण्यामुळेच. त्या टायरांमुळे शेकडो माणसं दगावली आणि तिथे त्याच वर्षी नवा कायदा झाला. अजून आठवण ठेवायची ती याची की तिथेही कंपनी सुरुवातीला 'लोक हवा कमी ठेवतात' असंच म्हणत होती.

एका कडेला झिजलेला टायर अलाइनमेंटचा असतो, त्यावर वेळ घालवू नका. नव्या टायरला बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल तर टायर नीट गोल नसू शकतो, पण ही तक्रार पहिल्या काही दिवसांतच करावी लागते. दहा हजार किलोमीटरनंतर कोणी ऐकत नाही.

दिसल्या दिवशी

गाडी चालवू नका. स्टेपनी लावा. स्टेपनी बारीक टायरची असेल तर तिच्यावर ८० चा वेग लिहिलेला असतो, तो पाळा. पंक्चरवाल्याला त्या टायरला हात लावू देऊ नका. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने पट्टी मारली किंवा फुगा दाबून पाहण्यासाठी सळई खुपसली की कंपनीला आयतं कारण मिळतं.

टायर रिमवर असतानाच फोटो काढा. फुग्याभोवती खडूने गोल करा. रिमवरही त्याच जागी, फुग्यासमोर, एक खूण करा. हे छोटं काम फार मोलाचं आहे. खड्ड्याने फुगा आला असेल तर पुष्कळदा त्याच जागी रिमची कड दबलेली सापडते. रिम सरळ असेल तर ते तुमच्या बाजूचं. किलोमीटरच्या आकड्याचा आणि हवेच्या दाबाचा फोटोही त्याच वेळी.

मग नक्षीची खोली मोजा. यासाठी छोटं गेज मिळतं, शंभर-दोनशे रुपयांत. आतली कड, मध्य, बाहेरची कड, तिन्ही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. कारण असं : हवा कमी ठेवली तर टायर दोन्ही कडांना जास्त झिजतो, जास्त ठेवली तर मध्ये. तिन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर तुम्ही हवा बरोबर ठेवत होता हे टायरच सांगतो. साडूच्या टायरची मापं होती ५.९, ६.० आणि ५.८ मिलिमीटर. एका चिठ्ठीवर लिहिलेल्या या तीन आकड्यांनीच पुढे प्रकरण फिरवलं.

चालत्या गाडीत टायर फुटला आणि अपघात झाला तर गोष्ट वेगळ्या पातळीवर जाते. आधी माणसं, मग पोलिसांत नोंद आणि पंचनामा, मग विमा कंपनीला कळवणं. फाटलेल्या टायरचे तुकडे रस्त्यावरून गोळा करून ठेवा आणि गॅरेजवाल्याला ते फेकू नको म्हणून लेखी सांगा. विम्याबद्दल एक माहीत असू द्या : नेहमीच्या पॉलिसीत एकटा टायर गेला तर काही मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे, तेही निम्मेच. टायरसाठी वेगळं कव्हर घेता येतं.

आणि 'टायर फुटला, देवाची करणी' असं म्हणून सुटता येत नाही. पुण्याहून मुंबईला जाताना २०१० मध्ये झालेल्या एका अपघातात विमा कंपनीने हाच युक्तिवाद केला होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. टायर फुटण्यामागे वेग, कमीजास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणं असतात, त्याला दैवी घटना म्हणता येणार नाही असं सांगून मृताच्या कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई कायम ठेवली. म्हणजे टायरची निगा राखल्याचा पुरावा फक्त टायरच्या पैशांसाठी नसतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. तिथे सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात कमी हवेच्या टायरचं काय होतं ते त्या बाजूच्या लोकांना विचारा.

क्लेम टाकताना

ज्या दुकानातून टायर घेतला तिथेच जाणं उत्तम, पण त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत विक्रेत्याला क्लेम घेता येतो. 'ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडेच जा' असं टोलवलं तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. टायर दुकानात ठेवलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. टायरचा अनुक्रमांक, तारीख, तक्रार काय, शिक्का आणि सही. साध्या कागदावर चालेल.

आता मुख्य गोष्ट. तपासणीला स्वतः हजर राहा. कंपनीचा इंजिनिअर कोणत्या दिवशी येणार ते विचारून घ्या आणि अर्धा दिवस रजा टाका. बहुतेक ग्राहक तिथे नसतात, म्हणून तपासणी दोन मिनिटांत उरकते.

साडूच्या वेळी आम्ही दोघंही दुकानाच्या मागच्या शेडमध्ये उभे होतो. इंजिनिअर तिशीतला, भला माणूस होता. त्याने टायर रिमवरून काढून घेतला, भिंतीला टेकवला, आत टॉर्च मारली आणि तळहात आतून सगळीकडे फिरवला. मग म्हणाला, "हवा कमी ठेवता ना?" साडू लगेच चिडला. मी त्याला मागे केलं आणि विचारलं, "आत कुठे दिसतंय ते दाखवा ना जरा."

कमी हवेवर टायर बराच चालला असेल तर आतल्या बाजूने भिंतीला गोल काळसर पट्टा उमटतो, रबर घासून त्याची भुकटी पडते. बोट फिरवलं की बोटाला लागते. इथे बोट स्वच्छ निघालं. धक्क्याने फुगा आला असेल तर आतल्या अस्तरावर त्याच जागी चीर किंवा तुटलेल्या धाग्यांची रेघ दिसते, हाताला लागते. तीही नव्हती. होतं काय, तर नक्षीखाली, वीतभर लांबीत, ठोकलं की पोकळ आवाज, म्हणजे आतले पट्टे सुटल्याची खूण. इंजिनिअरने स्वतःच दोनदा बोटांनी ठोकून पाहिलं. मग मी खिशातली मापांची चिठ्ठी काढली. त्याने गेजने परत मोजलं, तेच आकडे आले. तो काही बोलला नाही. फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि 'वर पाठवतो' म्हणाला.

तुम्हालाही हेच करायचंय. 'दाखवा' एवढा एकच शब्द, सौम्य आवाजात, पुन्हा पुन्हा. आणि दाखवलं ते खरंच असेल तर मान्य करा. आतल्या अस्तरावर आडवी चीर आणि समोर दबलेली रिम असेल, तर तो क्लेम ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टातही, टिकणार नाही. टायर गेला तो गेला, उगाच दोन वर्षं घालवू नका.

तपासणीच्या अहवालाची प्रत मागा. त्यात अनुक्रमांक, उरलेली खोली (दुकानात तिला 'एनएसडी' म्हणतात) आणि निष्कर्षाचं कारण असायला हवं. मोबाइलवर फोटो काढू दिला तरी चालेल.

मंजूर झाला तर हिशेब नीट बघा

क्लेम पास झाला म्हणजे नवा टायर फुकट, असं नसतं. जेवढी नक्षी वापरली तेवढ्याचे पैसे तुम्ही भरायचे. समजा, नव्या टायरची खोली ८ मिलिमीटर. १.६ मिलिमीटर ही वापराची कायदेशीर मर्यादा, म्हणजे वापरायला मिळणार होती ६.४. तुमच्या टायरवर ५.६ शिल्लक असेल तर वापरण्याजोगी उरली ४.०. म्हणजे साडेबासष्ट टक्के. ६,००० रुपयांच्या टायरवर कंपनी ३,७५० देणार, २,२५० तुमचे. काही ठिकाणी १.६ वजा न करता सरळ ५.६ भागिले ८ करतात, ते तुमच्या फायद्याचं. कोणती पद्धत ते वॉरंटी कार्डात असतं.

एक पाचर इथे मारलेली असते. तुम्ही टायर सवलतीत ५,००० ला घेतला होता आणि आता तुमचा वाटा छापील ६,००० वर लावतायत का? तसं असेल तर विचारा. बसवणावळ, बॅलन्सिंग, नवा व्हॉल्व्ह यांचे पैसे बहुतेक तुमचेच जातात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

नाकारला तर

पहिलं काम, टायर परत घ्या. पोच दाखवून, डिकीत टाकून घरी न्या. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. "इथेच राहू दे, आम्ही लावतो विल्हेवाट" ही सोय नसते, तुमचा पुरावा जात असतो. मी तिथेच फसलो होतो.

दुसरं, नकार लेखी घ्या. तोंडी सांगतायत आणि कागद देत नाहीत असं असेल तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. साधं, पाचसहा ओळींचं, असं :

"मी अमुक तारखेला अमुक दुकानातून अमुक अनुक्रमांकाचा टायर घेतला. बिल जोडलं आहे. आज आपल्या प्रतिनिधीने तपासणी करून हवा कमी असल्याचं कारण तोंडी सांगून क्लेम नाकारला. टायरच्या आतल्या बाजूला घासल्याच्या खुणा नाहीत. नक्षीची खोली आत ५.९, मध्ये ६.०, बाहेर ५.८ मिलिमीटर आहे. फोटो जोडले आहेत. नकाराचं तांत्रिक कारण आणि तपासणी अहवाल सात दिवसांत लेखी द्यावा, अन्यथा पुन्हा तपासणी करावी. टायर माझ्याकडे जपून ठेवला आहे."

शिव्याशाप नकोत, 'मानसिक त्रास' नको, सोशल मीडियाची धमकी नको. शेवटचं वाक्य मात्र विसरू नका. समोरच्याला त्यावरून कळतं की हा माणूस पुढे जाणार आहे. पुष्कळ प्रकरणं या ईमेलनंतरच हलतात, कारण आतापर्यंतचा निर्णय एका इंजिनिअरचा होता आणि आता कोणीतरी वरचा माणूस तो वाचतो.

१९१५

उत्तर आलं नाही किंवा तेच रडगाणं आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीतून बोलता येतं. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ती थेट कंपनीकडे पाठवली जाते. एक समज दूर करून घ्या, हेल्पलाइन हे कोर्ट नव्हे. कंपनीला ती हुकूम देऊ शकत नाही. पण मोठ्या कंपन्यांना तिथल्या प्रलंबित तक्रारींचा आकडा आवडत नाही. फोनवर बोलून झालं तरी कागदपत्रं त्यांच्या पोर्टलवर चढवा, नाहीतर 'ग्राहकाने माहिती दिली नाही' म्हणून तक्रार बंद होते.

मदत हवी असेल तर आपल्याकडे ग्राहक चळवळ जुनी आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. तिथले कार्यकर्ते कागद बघून स्पष्ट सांगतात, लढण्यासारखं आहे की नाही. वकील गाठण्याआधी तिथे जाऊन या.

मग नोटीस. वकिलाचीच असली पाहिजे असं काही नाही, स्वतः लिहा. दुकानदार आणि टायर कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा. टायर नव्या गाडीबरोबर आलेला असेल तर गाडीच्या डीलरलाही. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पोचपावती बिलाला टाचून ठेवा.

जिल्हा ग्राहक आयोग

लोक इथे यायला घाबरतात, आणि दुकानदार त्याच भरवशावर असतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि काही गोष्टी खूप सोप्या झाल्या. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो नाहीतर दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत, वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'बघू नंतर' म्हणता म्हणता ती निघून जाते.

तक्रार मराठीत लिहा, तारखांच्या क्रमाने. बिल, टायरचे फोटो, मापं, अलाइनमेंटच्या पावत्या, तपासणी अहवाल, ईमेल, १९१५ चा क्रमांक, नोटीस आणि पोच. सोबत प्रतिज्ञापत्र. मागणी माफक ठेवा : टायरची किंमत, व्याज, त्रासाबद्दल थोडी रक्कम आणि खर्च. सहा हजारांच्या टायरसाठी पाच लाख मागितले की आयोगासमोर आपणच हलके दिसतो.

पिवळ्या पाटीची गाडी असेल तर एक वाक्य न चुकता टाका की ही गाडी मी स्वतः चालवतो आणि हेच माझं पोटापाण्याचं साधन आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही, पण पोटापाण्यासाठीचा स्वयंरोजगार त्यात 'धंदा' धरला जात नाही. हे वाक्य नसेल तर कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तो मुद्दा काढतो.

टायरच्या खटल्यात शेवटी प्रश्न येतो तज्ज्ञाचा. कंपनी आपल्याच इंजिनिअरचा अहवाल लावते. तुम्ही म्हणायचं, स्वतंत्र तपासणी करा. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे, आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. फी आधी तक्रारदाराला भरावी लागते, म्हणून ती किती ते विचारूनच अर्ज करा. आपल्याकडे तर भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, ठाण्यात वागळे इस्टेटला रबर संशोधन संस्था आहे. टायर माळ्यावर का ठेवायचा ते आता कळलं असेल.

कायदा म्हणतो तपासणी नसलेली तक्रार तीन महिन्यांत, तपासणी असलेली पाच महिन्यांत संपावी. प्रत्यक्षात तारखा पडतात, बऱ्याच पडतात. म्हणून मध्यस्थीचा पर्याय आला तर नाक मुरडू नका.

साडूचं प्रकरण तिथपर्यंत गेलंच नाही. क्लेम नाकारल्यावर आम्ही पाठवलेली नोटीस पोचली आणि अकराव्या दिवशी कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला, "पुन्हा तपासणी करतो." या वेळी दुसरा, वयस्कर माणूस आला. त्याने टायरवर टिचकी मारली, कान जवळ नेला आणि पाच मिनिटांत सही केली. पण त्याआधी म्हणाला, "जुना टायर आत्ता देऊन टाका, नवा सोमवारी येईल." साडू देणारच होता, मी अडवला. सोमवारी नवा टायर आला, त्यावरचे चार आकडे वाचले, तो गाडीवर चढला, बिलावर नवा अनुक्रमांक लिहून घेतला, आणि मग माळ्यावरचं पोतं खाली उतरवलं. देताना त्याचीही पोच घेतली.